लेम्युएलचं नाव

न्यूपोर्ट न्यूज, व्हर्जिनिया
९ मार्च २०१८

प्रिय जिनीव्हा वहिनी,

नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणून धसकू नकोस. मा ठणठणीत आहे. डोळे गेलेत, पण कान असे तिखट की मी फोनवर कुजबुजले तरी पलीकडच्या खोलीतून विचारते, "ब्रेमर्टनवाली का?" म्हणून हे पत्र. लेम्युएलच्या मागे तू त्याच्याच जहाजावरच्या रॉइसशी लग्न केलंस, त्याला तीस वर्षं होतील, तरी या घरात तुझं नाव काढायची सोय नाही. मी मात्र तुला वहिनीच म्हणणार. भाऊ गेला म्हणून वहिनी कुठे संपते?

तर गेल्या आठवड्यात मंगळवारी मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांची मॅकरोनी निथळत होते, तेवढ्यात शेजारची धावत आली. म्हणाली, तुमच्या दारात गणवेशातले दोन अधिकारी उभे आहेत आणि तुझी मा दार उघडत नाहीये. मी एप्रनसकट पळाले. मा दाराच्या आतून ओरडत होती, "जा परत! आता माझ्याकडे द्यायला कुणी उरलं नाही!"

मागच्या वेळी असेच दोघे आले होते ना, लेम्युएलची बातमी घेऊन.

त्यांना आत घेतलं, चहा पाजला. त्यातला मोठा म्हणाला की नवीन अणुशक्तीवर चालणारं विमानवाहू जहाज बांधायला घेतायत, आणि नामकरण समितीने त्यासाठी आपल्या लेम्युएलचं नाव सुचवलंय. मी म्हटलं, साहेब, घर चुकलं नाही ना? अशा जहाजांना राष्ट्राध्यक्षांची नावं देतात, सिनेटरांची देतात. इंजिनरूममध्ये तेलाने माखलेल्या पोराचं नाव कोण देतं? तर म्हणतो, ज्याने 'हॅलोरन'वर वाफेत उडी घेऊन सोबत्यांना वर काढलं, त्याचं नाव नाही द्यायचं तर कुणाचं?

वहिनी, मी रडले. मा रडली नाही. तिने त्याला विचारलं, "अक्षरं केवढी काढाल?" तो म्हणाला, माणसाच्या उंचीएवढी. रविवारपर्यंत सगळ्या चर्चला ठाऊक झालं होतं.

ज्या 'हॅलोरन'वर तो गेला, ते जहाजही जूनमध्ये निवृत्त होतंय. निरोपाचा मोठा समारंभ आहे नॉरफोकला. येशील का? मा ला मी सांभाळून घेईन.

तुझी,
फेली


ब्रेमर्टन, वॉशिंग्टन
२१ मार्च २०१८

प्रिय फेली,

मी येणार नाही. रागावू नकोस.

तू लिहिलंस ते रॉइसला वाचून दाखवलं. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि भर थंडीत गवत कापायचं यंत्र चालू करून बसला. कापायला गवत नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निवृत्त जहाजं दिसतात. राखाडी, एकाला एक खेटून उभी. साधी जहाजं कुठे संग्रहालय होतात, शाळेची पोरं तिकीट काढून बघायला जातात. अणुभट्टीवाल्यांच्या नशिबी तेही नाही. भट्ट्या काढायच्या तर पोट फाडावंच लागतं. त्या भट्ट्या वाळवंटात नेऊन पुरतात आणि उरलेलं भंगार. त्याआधी एक माणूस झुल्यावर बसून नावावरून राखाडी रंगाचा ब्रश फिरवतो. मी बघितलंय. केवढाली नावं, आणि एका दुपारात पुसली जातात.

म्हणून मला या नावाचं फार अप्रूप वाटत नाही. पण तुला आणि मा ला वाटत असेल तर वाटू दे, मी कोण मोडता घालणार. एवढंच ऐक, रंग वाळेपर्यंत मा ला फार मिरवू देऊ नकोस. ही माणसं द्यायला येतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं.

जिनीव्हा


न्यूपोर्ट न्यूज
१२ जून २०१८

प्रिय वहिनी,

तुझं बोलणं मला कडू लागलं होतं. आज तीच चव तोंडात घेऊन बसलेय.

'हॅलोरन'चा निरोप झाला. धक्क्यावर खुर्च्या, बँड, म्हातारे खलाशी टोप्या घालून. मा ने तिची निळी हॅट घातली होती, तिची सगळ्यात लाडकी. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मग सिनेटर थॅडियस कॉब्ली बोलायला उठला. पांढरेशुभ्र केस, आवाज असा की सिरपमध्ये बुडवून काढलेला. लेम्युएलबद्दल बोलला. तीनदा नाव घेतलं, तिन्ही वेळा "सॅम्युएल" म्हणाला. मा दर वेळी मोठ्याने दुरुस्त करायची, "लेम्युएल!" लोकांना वाटलं म्हातारी भावुक झालीय. टाळ्या वाजवल्या.

भाषण झाल्यावर तो फोटोवाला घेऊन आला. फोटोवाला म्हणतो, आजीबाईंची हॅट काढा, चेहऱ्यावर सावली पडतेय. मी म्हटलं, हॅट राहील. कॉब्लीने मा चा हात दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, प्रार्थना केल्यासारखं केलं. फोटो निघाला. तो पाठ वळवून दोन पावलं गेला आणि त्याच्या माणसाने पुढे केलेल्या बाटलीतून ते हात धुवायचं औषध घेऊन कोपरापर्यंत हात चोळले. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे बघून हसला आणि चोळत राहिला.

मा ला दिसलं नाही. पण तिने नाक वर केलं आणि विचारलं, "दवाखान्याचा वास कुठून येतोय गं?"

कोण आहे हा माणूस? रॉइसला माहीत आहे का?

फेली


ब्रेमर्टन
२३ जून २०१८

फेली,

माहीत नसायला काय झालं, रॉइस त्याच्या समोर बसला होता.

अपघातानंतर चौकशी झाली ना, त्या समितीवर हा कॉब्ली होता. तेव्हा केस काळे होते. रॉइस तेव्हा तेवीस वर्षांचा, अर्धं अंग अजून पट्ट्यांत. त्याने शपथेवर सांगितलं की त्या वाफेच्या पाइपचा सांधा गळतोय हे लेम्युएलने वरच्यांना तीनदा कळवलं होतं, पण जहाज मोहिमेवर होतं, थांबवायचं नाही म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली. कॉब्ली त्याला म्हणाला, "पोरा, तू घाबरला होतास. घाबरलेल्या माणसाला काय काय आठवतं." शेवटी लिहिलं काय, तर खलाशांचा हलगर्जीपणा. खलाशी म्हणजे कोण? जे मेले ते. त्यांना उलट बोलता येत नाही.

हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला आले होते. मा ने दार उघडलं नाही. माझं नि रॉइसचं तेव्हा नुकतंच ठरलं होतं, तिला तेवढंच दिसलं. तिचंही चुकलं असं मी म्हणत नाही. पोटचा पोर गेलेल्या बाईला सुनेच्या, शेजारणीच्या, जगाच्या लग्नाचा राग येणारच.

तो फोटो त्याला वापरू देऊ नकोस. रॉइसला कालपासून अन्न जात नाही.

जिनीव्हा


न्यूपोर्ट न्यूज
१७ जानेवारी २०१९

वहिनी,

फोटो वापरला. कॉब्ली निवृत्त होतोय, छत्तीस वर्षं सिनेटमध्ये काढून, त्याच्या गौरवाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मा चा हात धरून उभा आहे. खाली छापलंय, "सामान्यांचा कैवारी." हॅटची सावली मात्र पुसून टाकलीय त्यांनी. कशाने पुसतात कोण जाणे.

आणि पुढचं ऐक. काल चर्चमध्ये सामुदायिक जेवण होतं. मा खुर्चीत बसून तळलेल्या मासळीचे काटे काढत होती, बायका तिच्याभोवती. भिंतीवरच्या टीव्हीवर बातमी आली. नव्या विमानवाहू जहाजाचं नाव जाहीर. 'थॅडियस कॉब्ली'.

रेव्हरंडनी जाऊन आवाज बंद केला. मा म्हणाली, "अगं लावा ना, जहाजाचं काहीतरी सांगत होता." आणि मी, तुझी शहाणी नणंद, म्हणाले, "लांबलंय म्हणे मा. नाव द्यायचं काम लांबलंय." चाळीस माणसं माना खाली घालून जेवत राहिली.

आज ते दोघे परत आले. मागच्या वेळचा मोठा नव्हता, त्याची बदली केली म्हणे. नवा होता, दात दाखवणारा. म्हणाला, सिनेटरसाहेबांच्या थोर सेवेचा विचार करता शेवटच्या क्षणी बदल झाला, पण तुमच्या भावाला आम्ही विसरलो नाही. जहाजावर खलाशांचं जे जेवणघर असतं, त्याला 'लेम्युएल स्प्रॅटली' नाव देतो. पितळी पाटी लावतो.

मी म्हटलं, ज्याने माझ्या भावाला हलगर्जी ठरवलं त्याच्या नावाच्या जहाजात, त्याच्या पोटात, पोरं ट्रे आपटतात तिथे माझ्या भावाचं नाव टांगणार? म्हणतो, "मॅडम, रोज हजारो लोक ते नाव वाचतील." मी म्हटलं, संडासाच्या दारावर लावा, त्याहून जास्त वाचतील.

त्यांच्या परवानगीच्या कागदावर मी सही दिली नाही. पण कागदोपत्री बायको तू होतीस. ते तुझ्याकडे येतील. दारातून हाकल. कॉफीसुद्धा विचारू नकोस.

किळस येते गं, वहिनी. दिवसभर हात धुतेय, वास जात नाही.

फेली


ब्रेमर्टन
३० जानेवारी २०१९

फेली,

पत्र मिळालं. तब्येतीला जप. मा ला खरं सांगून टाक, बाहेरच्याकडून कळण्याआधी.

जिनीव्हा


न्यूपोर्ट न्यूज
६ मे २०१९

जिनीव्हा,

दात दाखवणारा आज शाळेत आला, माझ्या चुलीपाशी. म्हणाला, तुमच्या वहिनीने फेब्रुवारीतच सही दिली, तुम्ही उगाच ताणून धरताय.

फेब्रुवारीत! आणि त्यानंतर ईस्टरला मला कार्ड पाठवलंस, सशाचं चित्र असलेलं!

मी तीस वर्षं तुझी बाजू घेतली. मा म्हणायची, ती विसरली, तिने दुसरा संसार थाटला. मी म्हणायचे, तसं नाही मा. आता मी काय म्हणू? काय दिलं त्यांनी तुला? पहिल्या रांगेतली खुर्ची? की रॉइसला गप्प बसवायचं होतं, म्हातारपणी शांतता हवी म्हणून? कॉब्लीशी तुमचं जुळलं का आता?

समारंभ सप्टेंबरात आहे. जहाजाच्या तळाचा पहिला पोलादी पत्रा ठेवणार, त्यावर जहाजाची मानकरी म्हणून कॉब्लीच्या मुलीची आद्याक्षरं कोरणार. त्यात आमच्या कुटुंबाचे आभार मानणार म्हणे, तुझ्या सहीच्या जोरावर. मी जाणार नाही. तू जा, चांगली हॅट घालून.

उत्तर पाठवू नकोस.

ओफेलिया स्प्रॅटली


ब्रेमर्टन
१५ मे २०१९

फेली,

उत्तर पाठवतेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

खुर्ची मागितली नाही. त्यांनी देऊ केली होती, ती नको म्हटलं. रॉइसला मी सांगितलंच नव्हतं, कालपर्यंत. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू?" एवढंच. त्यानंतर गॅरेजमध्ये झोपतोय.

का दिली ते सांगते. तू लिहिलं होतंस की मा ला लांबलंय असं सांगितलंय. मग मला रोज दिसायला लागलं. समारंभाचा दिवस येणार, रेडिओवर सगळं सांगणार, मा कान देऊन बसणार आणि तिच्या पोराचं नाव कुठेच येणार नाही. दिसत तर तिला काहीच नाही. मला वाटलं, निदान ऐकू तरी यावं. लाउडस्पीकरमधून कुणीतरी एकदा "लेम्युएल स्प्रॅटली" म्हणावं, सॅम्युएल नाही. मी त्या दातवाल्याकडून अक्षरं घोकून घेतली. चार वेळा म्हणायला लावलं त्याला माझ्या व्हरांड्यात, थंडीत उभा करून. मग सही केली. तो गाडीत बसून गेल्यावर मी कुंडीत ओकले.

तुला कळवलं नाही, कारण तू हेच सगळं लिहिणार हे मला माहीत होतं, आणि ते बरोबरच असणार हेही.

मा साठी केलं. तिने मला दारात उभं केलं नाही, तरी आहे ती माझी सासू. बाकी तू म्हणशील ते.

जिनीव्हा


न्यूपोर्ट न्यूज
२९ सप्टेंबर २०१९

वहिनी,

चार महिने तुला लिहिलं नाही. दोनदा पेन घेतलं आणि ठेवलं. जे बोलले ते परत घेते, म्हणण्याने परत येत असेल तर.

काल समारंभ झाला. सकाळी मी मा च्या रेडिओची वायर काढून ठेवली आणि बाजारात गेले. परत येते तो मा स्वयंपाकघरात रेडिओ मांडीवर घेऊन बसलेली. भिंत चाचपत जाऊन वायर लावली होती तिने.

म्हणाली, "रेडिओवाला म्हणतो जहाज कॉब्लीचं, आणि लेम्युएल स्प्रॅटलीचं नुसतं जेवणघर. तो चुकतोय की तू खोटं बोललीस?"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळं सांगितलं. कॉब्ली, चौकशी, नाव कसं बदललं, जेवणघर. हात चोळल्याचंसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ही कोसळणार. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, धरायला.

तर म्हणते, "बरं झालं."

"काय बरं झालं, मा?"

"नाव गेलं ते. दीड वर्ष मी चर्चमध्ये मिरवत होते आणि आतून भीत होते. कुणाला सांगू? सगळे खूश होते. अगं, रोज ऐकते मी हा रेडिओ. अमक्या जहाजावरून विमानं उडाली, तमक्या गावात इतके मेले. उद्या हा काय म्हणाला असता? आज सकाळी लेम्युएल स्प्रॅटलीने अमुक गावावर बॉम्ब टाकले. माझ्या लेम्युएलने! जो उंदराचा सापळा लावू द्यायचा नाही मला! पन्नास वर्षं माझ्या पोराच्या नावाने माणसं मारणार आणि जहाज म्हातारं झालं की त्याचं पोट फाडून भट्ट्या पुरणार. एकदा भाजलं त्यांनी त्याला, पुरे झालं."

वहिनी, इतके दिवस मी भांडत होते की नाव मोठ्या जहाजाला का नाही. तिच्यासारखा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. तुझ्या आला होता का?

मग म्हणाली, "पण जेवणघराला नाव द्यायची परवानगी कुणी दिली?"

मी सांगितलं. का दिली तेही सांगितलं, तुझं पत्र होतं तसं वाचून दाखवलं. कुंडीपर्यंत सगळं. ती खूप वेळ टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत बसली. मग म्हणाली, "चार वेळा म्हणायला लावलं?" मी म्हटलं, हो. "थंडीत?" हो. तेव्हा जरा हसली. रडलीही असेल, तिच्या डोळ्यांतून एरवीही पाणी येतं.

म्हणाली, "कागद घे. मी सांगते ते लिही. माझे शब्द बदलू नकोस." ते असं:

"जिनीव्हा, सही परत माग. देणार नाहीत, पण माग. आणि हे रॉइससाठी. रॉइस, तू मला लेम्युएल गेल्यावर तीन पत्रं पाठवलीस. मी न उघडता परत केली. मला तेव्हा तुझं अक्षर बघवत नव्हतं. आता मला अक्षरच दिसत नाही, तर ते बरं झालं. मला कुणी सांगितलं नाही तो कसा गेला. त्या दोघांनी सांगितलं, क्षणात गेला, काही कळलं नाही त्याला. मी आयुष्यभर लोकांच्या घरी स्वयंपाक केला. वाफेने बोट भाजलं तर काय होतं ते मला कुणी शिकवू नये. तू तिथे होतास. मला खरं सांग. गोड करून सांगू नकोस, मी ओळखीन. हॅटी स्प्रॅटली."

सही तिने स्वतः केली आहे. कागदाबाहेर टेबलावर गेली थोडी.

तुझी फेली


ब्रेमर्टन
११ ऑक्टोबर २०१९

मिसेस स्प्रॅटली,

मला पत्र लिहिता येत नाही फारसं. जिनीव्हा म्हणाली, बोलतोस तसं लिही.

आधी सहीचं. तिने परत मागितली. उत्तर आलं की नाव जाहीर झालेलं आहे, आता ते परत देता येत नाही. तुमच्या मुलाचं नाव आता त्यांचंच झालं, असा त्याचा अर्थ. मी ते उत्तर बार्बेक्यूत घातलं.

आता तुम्ही विचारलंत ते. तो क्षणात गेला नाही.

त्या सकाळी आम्ही तिघे खाली होतो, मी, लेम्युएल आणि पेरो नावाचा मुलगा. अणुभट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळं जहाज चालतं. ती वाफ दिसत नाही, मिसेस स्प्रॅटली. किटलीची दिसते तशी नाही. फक्त आवाज येतो. तो सांधा फुटला तेव्हा मला वाटलं कुणीतरी किंचाळतंय. लेम्युएलला लगेच कळलं, कारण तो त्या सांध्यावर महिनाभर डोळा ठेवून होता. त्याने पेरोला शिडीवर ढकललं, मग मला. मी अर्ध्यात अडकलो, पाय चालेनात. त्याने खालून माझ्या ढुंगणावर जोरात ठोसा मारला आणि ओरडला, "चढ की रे, गाढवा, मला भाजतंय!" मी चढलो. तो मागे वळला आणि झडप बंद करायला गेला. ती बंद केली नसती तर वरच्या मजल्यावरचे सगळे गेले असते. झडपेचं चाक तापलेलं होतं. ते त्याने उघड्या हातांनी फिरवलं. मग तो स्वतः शिडी चढून आला. कसा आला ते मला अजून कळत नाही.

तो दुपारपर्यंत होता. जहाजावरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर. शुद्धीवर होता. डॉक्टरांनी दुखायचं कमी व्हायचं औषध दिलं होतं, पण दुखत होतं. तो ओरडला, हे मी लपवत नाही. शिव्याही दिल्या, त्या सांध्याला, आणि ज्यांनी दुरुस्ती पुढे ढकलली त्यांना, एकेकाचं नाव घेऊन. मग मला म्हणाला, "माझ्या मा ला शिव्यांचं सांगू नकोस." तेवढं सांगतोय, माफ करा. तुम्ही म्हणालात खरं सांग.

जिनीव्हाबद्दल बोलला. ते मी तिलाच सांगितलंय. तुमच्याबद्दल म्हणाला की पायऱ्यांची लाकडं सडलीत, सुट्टीत येऊन बदलणार होतो, फेलीला सांग कुणाकडून तरी करून घे, नाहीतर मा पडेल.

नंतर तो शांत झाला. मला वाटलं त्याला बरं वाटावं, म्हणून मी एका मुलाला सांगून माझा टेप मागवला आणि लावला. माझ्याकडे गावाकडची गाणीच होती, घोडा हरवला, बायको गेली, असली. त्याने जरा वेळ ऐकलं. मग डोळे मिटूनच म्हणाला, "रॉइस, मी इथे मरतोय. तुझं ते रडगाणं बंद कर."

मी हसलो. तोही हसला, त्याला हसताना दुखलं. मी बंद केलं. त्यानंतर तो काही बोलला नाही. तासाभराने गेला. मी हात पोचेल तेवढा त्याच्या खाटेवर ठेवला होता.

माझ्या तिन्ही पत्रांत हेच होतं. टेपचं नव्हतं लिहिलं. तेव्हा वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.

रॉइस लुंडक्विस्ट


न्यूपोर्ट न्यूज
२० ऑक्टोबर २०१९

प्रिय वहिनी, प्रिय रॉइस,

पत्र काल आलं. मा ने मला तिच्या पलंगावर बसवलं आणि म्हणाली, हळू वाच. शिडीपाशी मी कागद खाली ठेवला, तर म्हणाली, "थांब, पाणी पी, मग वाच. घाई नाही." रडगाण्यापाशी ती एवढ्या मोठ्याने हसली की मी घाबरले. मग मला परत तिथूनच वाचायला लावलं.

शिव्या कोणत्या दिल्या ते विचारत होती. मी म्हटलं, मा, त्याने नको म्हटलंय सांगायला. तर म्हणे, "त्याला कळणार नाही, विचार तू."

पायऱ्या तिने तेव्हाच बदलून घेतल्या होत्या, हे रॉइसला कळव म्हणाली. पाद्र्याच्या भावाकडून.

ती पाटी त्या जहाजावर लागायची तेव्हा लागेल. दातवाला परवा फोन करून विचारत होता की पाटीसाठी लेम्युएलचा हसरा फोटो आहे का. मा ने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. लेम्युएलने कुणाकडून उचललं ते मात्र मला कळलं.

रात्री तिला झोपवून दिवा मालवत होते, तर तिने हाक मारली. म्हणाली, "फेली, रॉइसला अजून एक विचार."

"काय, मा?"

"लेम्युएलच्या भाजलेल्या हातांना डॉक्टरांनी काय लावलं होतं?"

फेली